फोलनांचा विस्तव आणि सरकारची ऊब

डेलिया फोलनच्या चुलीतला विस्तव कधीच विझलेला नाही, हे डेरीबॉन गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बटाट्याच्या मोठ्या दुष्काळात फोलनांची कुणी खापरपणजी माहेरहून लोखंडी भांड्यात निखारे घेऊन सासरी आली. तेव्हापासून रोज रात्री तो विस्तव राखेखाली झाकायचा आणि रोज सकाळी फुंकून जागा करायचा, हे चालत आलं होतं. राणी गेली, देश स्वतंत्र झाला, पौंड गेला, युरो आला, विस्तव होता तिथंच होता. सासूनं तो सुनेच्या हाती सोपवायचा, असा रिवाज. डेलिया आणि तिची सासू यांच्यात एरवी विस्तव जात नव्हता, पण मरायच्या आदल्या आठवड्यात म्हातारीनं तिला चुलीपाशी बसवून राख कशी ओढायची ते दाखवलं आणि मग भिंतीकडे तोंड करून झोपली.

आता डेलियाचंच वय सासूच्या तेव्हाच्या वयापेक्षा जास्त झालं होतं आणि सोपवायला घरात कुणी नव्हतं. होता तो मुलगा, फेस्टी. पन्नाशी उलटलेला, पाठीत थोडा वाकलेला, स्वभावानं गरीब. थोड्या मेंढ्या पाळायच्या, उन्हाळ्यात दलदलीतून टर्फच्या, म्हणजे जळणाच्या मातीच्या, विटा कापायच्या, वाळवायच्या, रचायच्या आणि वर्षभर आईच्या चुलीला घालायच्या, एवढाच त्याचा संसार. लग्न एकदा होता होता राहिलं होतं. ती मुलगी नोकरीला म्हणून लीड्सला गेली आणि तिथल्या एका प्लंबरची झाली. डेलिया हे विसरायला तयार नव्हती. मेंढी लंगडली, पाव करपला, मोज्याला भोक पडलं, काहीही झालं तरी बोलणं फिरून तिथंच यायचं. "घरात सून असती तर!" असं ती भिंतीला सांगायची आणि भिंत ते फेस्टीला सांगायची.

त्या हिवाळ्यात डेलियाचा खोकला छातीत उतरला. तपासायला डॉक्टरीणबाई घरीच आल्या. त्यांनी आधी डेलियाची छाती तपासली, मग झोपायच्या खोलीची भिंत तपासली. भिंतीला बोट लावलं तर बोट ओलं झालं.

"मिसेस फोलन, स्पष्ट बोलते," त्या म्हणाल्या. "इकडे धूर, तिकडे ओल. पुढचा हिवाळा या खोलीत काढलात तर तो शेवटचा. नोव्हेंबर संपता संपता मी परत येईन. खोली कोरडी आणि उबदार नसली, तर गॉलवे शहरातल्या वृद्धाश्रमात खाट सांगून ठेवीन."

"तिथं चूल आहे?" डेलियानं विचारलं.

"नाही."

"मग मी नाही येत. तुम्हीच जा."

फेस्टी त्यांना गाडीपर्यंत सोडून आला. आईशी त्याचं रोज भांडण व्हायचं, पण आई नसलेलं घर त्याला डोळ्यांपुढे आणताच येईना. विजेचा हीटर त्यानं आधीच लावून पाहिला होता. त्यानं खोली सुकली नाही, खिसा मात्र सुकला.

राहता राहिलं सरकारचं अनुदान. जुनं काढा, हीट पंप बसवा, पैसे आम्ही देतो, असं सरकार रेडिओवरून दर बातम्यांनंतर ओरडून सांगत होतं. फेस्टीनं आईला समजावलं, की घराबाहेर एक पांढरा खोका घुमत बसतो, बाहेरच्या थंड हवेतून ऊब ओढून घेतो आणि घरात सोडतो.

"थंडीतून ऊब काढतात?" डेलिया म्हणाली. "दगडातून दूध काढल्यासारखं?" मग थोडा विचार करून म्हणाली, "सरकारला जमेल म्हणा. आपल्याकडून कर नाही का काढत!"

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. घोडं अडलं ते धुराड्यापाशी. ज्या घरातून ऊब पळून जाते त्या घराला अनुदान नाही, असा नियम. आणि उघडं धुराडं म्हणजे छपराला पाडलेलं भोकच. ते बुजवायचं, म्हणजे चूल बंद, म्हणजे विस्तव विझवायचा. हे ऐकल्यावर डेलियानं दोन दिवस मुलाशी बोलणं टाकलं. बोलायचंच असेल तर ती मेंढ्यांच्या कुत्र्याला सांगायची आणि फेस्टीनं ते ऐकायचं.

गावाचं म्हणणं तर त्याहून वेगळं. डेरीबॉनमधल्या यच्चयावत घरांनी अनुदान घेतलं होतं. घराघरांबाहेर पांढरे खोके घुमत होते, धुराडी बुजली होती, खिडक्यांना रबर लागलं होतं. आणि रोज संध्याकाळी ते सगळे लोक त्या उबदार घरांतून उठून, पावसात भिजत, डेलियाच्या चुलीपाशी येऊन बसत होते. पहिली खुर्ची शेजारच्या बार्टलीची. तो विधुर, बोलका, हात सतत कशाला तरी लावणारा. दुसरी नॅपलाची. ती रस्त्यापलीकडे राहायची आणि तिला सगळ्यांचं सगळं माहीत असायचं.

"फेस्टी, बाबा रे, अनुदान घेऊ नकोस," बार्टली पाय शेकत म्हणाला.

"तुम्ही घेतलंत की."

"म्हणून तर सांगतोय! उबेबद्दल तक्रार नाही. ऊब आहे. सगळीकडे आहे, अगदी संडासातसुद्धा आहे. पण माणसानं पाय कुणीकडे करून बसायचं? माझा कुत्रा बघ. रात्रभर घरात गोल गोल फिरतो. आडवं कुठं व्हायचं, तेच त्याला कळत नाही."

"कुत्र्याचं सोड," नॅपला म्हणाली. "आमच्या घरी मी आणि नवरा समोरासमोर बसतो. बघायला काही नाही, म्हणून एकमेकांकडे बघतो. इतक्या वर्षांच्या संसारात ही वेळ आली नव्हती गं डेलिया. त्याच्या कानात केवढे केस आहेत!"

"ही शेवटची चूल," बार्टली म्हणाला. "ही बुजवलीस तर आम्ही जायचं कुठं?"

फेस्टी सहसा चिडत नसे. त्या दिवशी चिडला. "म्हणजे तुमच्या पायांसाठी माझ्या आईनं मरायचं का?" तो म्हणाला आणि त्याचा आवाज फाटला. "ती रात्रभर खोकते. मी पलीकडे पडून मोजत असतो, आता थांबेल, आता थांबेल म्हणून. तुम्ही आपल्या घरी गरम अंथरुणात असता तेव्हा."

 बार्टलीनं खुर्ची चुलीपासून वीतभर मागं घेतली. डेलिया निखाऱ्यांकडे बघत बसली होती. मग ती म्हणाली, "टर्फच्या शेडमध्ये नेऊ आपण विस्तवाला. तिथं छोटी चूल बांध. पण विझवायचा नाही, सांगून ठेवते."

फेस्टीनं सगळा एप्रिल घालवून शेडमध्ये दगडाची चूल बांधली. सरकारी खात्याला फोन केला, गाणी ऐकत ताटकळला, परत केला. घराची तपासणी करायला माणूस कधी येईल, असं विचारलं. पलीकडच्या मुलीनं तारीख दिली. ही नको असेल तर यानंतरची थेट ख्रिसमसनंतर मिळेल, असंही सांगितलं. नोव्हेंबरची डॉक्टरीणबाई फेस्टीच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. त्यानं आनंदात "चालेल, चालेल" म्हटलं, तारीख स्वतःच्या तोंडानं पुन्हा एकदा उच्चारली आणि फोन ठेवला. डोक्यात शिरलं ते एवढंच, की मिळाली.

ठरलेल्या दिवशी सकाळी तो लोखंडी बादली घेऊन चुलीपाशी गेला, निखारे बादलीत भरले आणि दाराकडे निघाला. दारात डेलिया ओणवी होऊन उंबऱ्यावर पिवळी रानफुलं पसरत होती. तिनं मान वर केली. बादली बघितली. आणि उभी राहून दोन्ही हात चौकटीला लावून दार अडवलं.

"आज काय आहे?"

"शुक्रवार."

"शुक्रवार काय, गाढवा! मी ही फुलं कशाला टाकतेय? तुझ्या लग्नाची आहेत का? पहिला मे आहे आज!"

फेस्टीच्या हातातली बादली आपोआप खाली गेली. पहिल्या मे रोजी घरातला विस्तव बाहेर जात नाही. निखारा नाही, राख नाही, दुधाचा थेंब नाही. गेला तर वर्षभराचं घराचं भाग्य त्याच्यामागून जातं. हे त्याला कुणी शिकवावं लागत नव्हतं. त्यानं स्वतःही त्या दिवशी कधी पेटलेली काडी दाराबाहेर नेली नव्हती. एवढं पाठ असलेला माणूस तीच तारीख मागून घेऊन बसला होता. त्यानं मुकाट्यानं निखारे चुलीत परत ओतले.

तेवढ्यात गाडी आली. तपासणीला आलेली मुलगी तिशीची, चटपटीत, पायांत मोठे बूट. नाव इमर. तिनं गाडीतून एक मोठा पंखा आणि लाल कापडाची चौकट काढली. तपासणी बघायला सगळा गाव आधीच चुलीभोवती जमला होता. बार्टलीनं तर शर्ट बदलला होता.

"ही चौकट पुढच्या दारात बसवायची," इमर ती पंख्यासकट बसवत म्हणाली. "पंखा घरातली हवा बाहेर ओढतो. मग कुठल्या फटीतून किती हवा आत येते, ते मला मोजता येतं. चूल विझवलीत ना?"

"विझवायची नाही ती," सगळे एकदम म्हणाले.

फेस्टीनं तिला सगळं सांगितलं. दुष्काळ, खापरपणजी, शेडमधली चूल, पहिला मे. मग घसा खाकरून म्हणाला, "तुम्ही बाहेरच्या आहात ना. तुम्ही जर ही बादली एवढी शेडपर्यंत..."

"मी?" इमर दोन पावलं मागं सरली. "आज? वेड लागलंय का मला? माझी आजी मेयोच्या खेड्यातली आहे, हे सगळं पाळणारी. तिला कळलं तर घरात घ्यायची नाही मला!"

"शहाणी पोर," डेलिया म्हणाली. पहिल्यांदाच ती सरकारबद्दल बरं बोलली होती.

इमर कपाळाला हात लावून बसली. विस्तव पेटता ठेवून तपासणी होत नाही, विस्तव हलवता येत नाही आणि तिला परत यायला जमणार ते ख्रिसमसनंतर. फेस्टी खिडकीशी जाऊन उभा राहिला, कारण त्याला कुणाला तोंड दाखवावंसं वाटेना. डॉक्टरीणबाईंचा शब्द सगळा गाव ओळखून होता. त्या खाट सांगतील म्हणजे सांगतील.

बार्टली मात्र दारातल्या पंख्याभोवती घुटमळत होता. "हे बटण कसलं?" असं त्यानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता दाबलं.

पंख्यानं एवढी हवा ओढली, की घराचे कान बंद झाले. पुढच्याच क्षणी धुराड्यातून वारा खाली उतरला आणि कैक पिढ्यांची राख चुलीतून उठून खोलीभर झाली. कुणाला कुणी दिसेना. नॅपला किंचाळत होती, कुत्रा शिंकत होता, "मी काही केलं नाही!" असा बार्टलीचा आवाज कुठून तरी येत होता. इमरनं चाचपडत बटण बंद केलं. धुरळा बसला तेव्हा चुलीभोवती सगळा गाव होता तसाच बसलेला होता, फक्त डोक्यापासून पायापर्यंत करडा झाला होता.

"पंख्याचं भोक झाका!" डेलिया ओरडली. "राख बाहेर जाईल!"

सगळ्यांनी एकमेकांना झटकलं ते घरातच. नॅपलानं तर बुटांचे तळवेसुद्धा चुलीवर आपटले. डेलियाला खोकल्याची उबळ आली आणि ती काही केल्या थांबेना. फेस्टीनं तिला उचलूनच मागच्या खोलीत नेलं, पाणी पाजलं, मधलं दार लावून घेतलं. इमर त्यांच्यामागून आत आली होती. तिनं त्या ओल्या भिंतीकडे बघितलं, म्हातारीच्या वर-खाली होणाऱ्या छातीकडे बघितलं आणि मग लावलेल्या दाराकडे बघत राहिली.

"मिसेस फोलन," ती हळूच म्हणाली, "नियम आहे तो राहत्या घराला. गोठा, शेड, कोठार, त्यांची मोजणी होत नाही. चूल आहे ती खोली जर... म्हणजे... घर नसलीच तर?"

"म्हणजे काय?" फेस्टी म्हणाला.

"या मधल्या दारात मी पंखा लावते. दाराच्या अलीकडचं ते घर. पलीकडचं ते बाहेर. इथं बाहेरच्यासारखं जाड दार बसवायचं, भिंतीला ऊब धरणारी गादी घालायची, स्वयंपाकाचा स्टोव्ह मागच्या बाजूला आणायचा. चुलीच्या खोलीला मी शेड लिहिते."

हे ऐकायला बाकीचे दार उघडून गोळा झालेच होते. डेलिया उठून बसली. "माझं स्वयंपाकघर शेड? अगं, या खोलीत मी नवरी म्हणून आले! या खोलीत हा जन्मला, चुलीसमोर, वाट बघायलासुद्धा वेळ दिला नाही कारट्यानं! शेडमध्ये जन्मला का हा?"

"त्यात काय मोठंसं," नॅपला राखेतून म्हणाली. "गोठ्यात जन्मणारा फेस्टी पहिला नव्हे. याआधी एकजण जन्मला होता. त्याचं बरं झालं पुढं."

हसू आधी बार्टलीला फुटलं, मग इमरला. डेलियाला हसायचं नव्हतं, पण तोंड तिचं ऐकेना. तिनं पदराशी खेळावं तशी शालीची कड ओढली आणि विचारलं, "विस्तव हलवावा लागेल?"

"नाही."

"आणि ही खोली?"

"कोरडी होईल. उबदार होईल. मी खात्रीनं सांगते."

"मग लिही. शेड तर शेड."

फेस्टीचा जीव भांड्यात पडला. पण नॅपलाला ते बघवलं नसावं. "थांबा थांबा," ती म्हणाली. "आज ही खोली घराबाहेर गेली, तर विस्तव आज घराबाहेर गेला असंच नाही का होणार?"

 खरंच होतं. सगळ्यांनी इमरकडे पाहिलं. इमरनं हातातल्या पाटीसारख्या यंत्राकडे पाहिलं, मग ते मांडीवर पालथं ठेवलं, जणू तेही ऐकत असेल.

"मोजणी आज करते," ती म्हणाली. "पण कागदावर ही खोली उद्या बाहेर काढते. उद्याच्या तारखेला. आजचा दिवस ती घरातच."

"मेयोची आजी चांगली असली पाहिजे," डेलिया म्हणाली आणि तिला मनुकांच्या पावाचा मोठा तुकडा कापून दिला. पावावर बरीच राख होती, पण इमरनं तो सगळा खाल्ला.

अनुदान मंजूर झालं. ऑक्टोबरात मागच्या भिंतीशी पांढरा खोका आला आणि घुमायला लागला. मधल्या दाराला कडेनं रबर बसलं, उंबरा उंच झाला. महिन्याभरात झोपायच्या खोलीच्या भिंतीचा रंग बदलला. फेस्टी रोज जाऊन बोट लावायचा आणि बोट कोरडंच यायचं. सबंध दिवस त्याला त्या बोटाचा आनंद पुरायचा.

डेलियानं नियम मात्र अक्षरशः पाळला. चुलीची खोली बाहेर म्हणजे बाहेर. तिकडे जायचं तर ती कोट घालायची, डोक्याला रुमाल बांधायची, परत आली की पायपुसण्यावर पाय पुसायची. "जरा बाहेर जाऊन येते," म्हणायची आणि दार उघडून चुलीपाशी बसायची. फेस्टी आतून विचारायचा, "बाहेर कसं आहे?" "बाहेर ऊब आहे, बार्टली आलाय," असं उत्तर यायचं. गावाला तर मोकळं रानच मिळालं. बाहेरच्या जागेत यायला दार कशाला वाजवायचं, म्हणून लोक आता जेवणाआधीच येऊन बसत. पोस्टमन बाकीच्या घरांचीही पत्रं तिथंच ठेवून जाऊ लागला, कारण माणसं तिथंच सापडत होती.

पण एका गोष्टीनं फेस्टीची झोप उडवली होती. आई अजूनही अंधारातच उठायची. कोट चढवून, कण्हत, चुलीसमोर गुडघ्यांवर बसायची, राख ओढायची, फुंकायची आणि सगळा धूर छातीत घ्यायची. खोली कोरडी होऊन उपयोग काय, सकाळचा तो अर्धा तास सगळ्यावर बोळा फिरवत होता. खोकला हटायला तयार नव्हता. डॉक्टरीणबाई शुक्रवारी येणार होत्या.

"आई, मला शिकव ना. मी करतो."

"तुला?" डेलिया खोकता खोकता हसली. "सासूनं सुनेला द्यायचं असतं ते. आण सून, देते. आत्ता देते."

"आता या वयात कुठून आणू?"

"तेव्हा तर वय होतं ना? लीड्सला जाऊन हात धरून आणायचं होतंस तिला. बसलास मेंढ्या मोजत."

फेस्टी उठून मेंढ्यांकडे जायचा. 

त्या गुरुवारी कडाक्याची थंडी पडली. फेस्टीला जाग आली तेव्हा खिडकी उजळली होती. काहीतरी चुकलं होतं, पण काय ते त्याला आधी कळेना. मग कळलं. खोकला ऐकू येत नव्हता. मधल्या दाराचा आवाजही झाला नव्हता.  तो अनवाणी धावला, आईच्या खोलीच्या कडीवर हात ठेवला आणि तिथंच थांबला, कारण दार उघडेपर्यंत तरी ती होती.

मग त्यानं दार लोटलं. डेलिया पाठीवर पडून, तोंड उघडं टाकून, घोरत होती. एक पाय रजईच्या बाहेर आला होता. नोव्हेंबरात आईचा पाय पांघरुणाबाहेर आलेला फेस्टीनं जन्मात बघितला नव्हता. म्हातारा, निळ्या शिरांचा, उघडा पाय. फेस्टीला रडू आलं आणि त्यानं ते येऊ दिलं. ऊब जाऊ नये म्हणून दार हळूच ओढून घेतलं.

मग त्याला विस्तवाची आठवण झाली.

चुलीची खोली गार पडली होती. त्यानं गुडघे टेकले, हातानंच राख उपसली, बोटं भाजून घेतली. खाली अक्रोडाएवढा एक निखारा उरला होता, तोही काळवंडायला लागलेला. फेस्टीनं त्याच्यावर टर्फची एक वीट आडवी टाकली आणि जीव खाऊन फुंकर मारली. सगळी राख त्याच्याच तोंडावर आली. डोळे झोंबले, खोकला सुटला, निखारा आणखी बारीक झाला. इतक्या वर्षांचा विस्तव आपल्या हातून चालला, असं त्याला स्पष्ट दिसायला लागलं.

"तसं नाही रे, रेड्या!"

मागं मधलं दार उघडलं होतं. डेलिया चौकटीत उभी होती, रात्रीच्या झग्यात, पायांत मऊ सपाता. "काढ ती वीट! गुदमरतोय तो. हातानं नको, चिमट्यानं! हं. आता बारीक तुकडा घे, सुका. उभा कर. उभा म्हणजे उभा, कळतं का! दुसरा त्याला टेकव. आता फुंक. अरे, कुत्र्यासारखा धापा कसला टाकतोस? गरम सूपवर फुंकतो ना माणूस, तसं."

फेस्टीनं सूपवर फुंकल्यासारखं फुंकलं. निखारा लाल झाला. परत फुंकलं. तुकड्याच्या कडेला एक धाग्याएवढी ज्योत आली, गेली, आली आणि टिकली.

"तूच ये ना इकडे," तो डोळे पुसत म्हणाला. "मला नाही जमायचं."

डेलियानं पायांतल्या सपातांकडे पाहिलं. मग उंबऱ्याकडे पाहिलं. एक हात तिनं मागं नेला, पाठीमागची ऊब चाचपल्यासारखा.

"मी? असल्या थंडीत बाहेर येऊ? अंगावर कोट नाही माझ्या."

"मग रोज कोण करणार हे?"

"कोण म्हणजे? सून नाही ना आणलीस?" ती म्हणाली. "मग आता तूच माझी सून."

फेस्टी गुडघ्यांवर तसाच बसून तिच्याकडे बघत राहिला. ती हसत नव्हती. तिनं मान हलवली, म्हणजे झालं, दिलं, अशी.

"रात्री राखेनं झाकताना कुठली प्रार्थना म्हणायची असते, ती दुपारी शिकवीन. आत ये, चहा ठेवते. आधी तो नीट धरू दे." मग तिनं खांदे आवळले. "बाई गं, केवढी ऊब चाललीय! लावते मी दार."

रबराचं दार हलक्या आवाजात बंद झालं. पलीकडे किटलीत पाणी पडल्याचा आवाज आला. पुढच्या दारावर बार्टलीचा कुत्रा नखं घासायला लागला होता. फेस्टीनं चिमट्यानं आणखी एक वीट उचलली, उभी केली आणि आधीच्यांना टेकवली.